होडी, जाकीट आणि कोरडे गाठोडे



आज आपल्याशी बोलायचे आहे ते कयाक नावाच्या एका लहानशा होडीविषयी. नाव परके आहे, पण होडी आता परकी राहिलेली नाही. कोलाडजवळ कुंडलिका नदीत, पवना धरणाच्या जलाशयात, सिंधुदुर्गाच्या खाड्यांत, गोव्यात मांडवीकाठच्या खारफुटीत ही रंगीबेरंगी होडकी हल्ली दिसतात. शहरातली माणसे सुट्टीला येतात, तासाभराचे पैसे मोजतात, हाती वल्हे घेतात आणि पाण्यात उतरतात. शाळांच्या सहलीही अशा ठिकाणी जाऊ लागल्या आहेत. आणि त्यांना होडीत बसवायला, त्यांच्यावर नजर ठेवायला जी पोरे काठावर उभी असतात, ती पुष्कळदा त्याच गावची असतात. म्हणजे हौस शहराची असली, तरी तिची जबाबदारी गावाच्या आणि शाळेच्या अंगावर येऊन पडली आहे.

कोणी म्हणेल, "आम्हांला कुठे हौसेने होड्या वल्हवायच्या आहेत? आम्ही आपले धरणापलीकडच्या शेतात जायला तरीत बसतो, तेवढंच." खरे आहे. पण पाणी हौसेचे आणि गरजेचे असा भेद करीत नाही. तेव्हा आज जे सांगणार आहे, ते कयाकला लागू आहे तसेच तुमच्या तरीलाही बहुतेक लागू पडेल.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाजवळ राहणाऱ्या इनुइट लोकांची होडी. ग्रीनलंड, कॅनडाचा उत्तर किनारा, अलास्का हा त्यांचा मुलूख. तिथे झाडे जवळजवळ नाहीत. समुद्राने वाहून आणलेली लाकडे आणि प्राण्यांची हाडे यांचा सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचे कातडे ताणून शिवायचे. होडी खालून बंद तशी वरूनही बंद. मध्ये फक्त एक माणूस कमरेपर्यंत बसेल एवढे भोक. शिकारी कातड्याचा अंगरखा घाली आणि त्याची किनार त्या भोकाच्या कडेला घट्ट बांधी. लाट डोक्यावरून गेली तरी आत पाणी येत नसे. बरोबर सीलच्या अख्ख्या कातड्याचा एक फुगवलेला फुगा असे. तो फेकभाल्याच्या दोरीला बांधलेला असल्यामुळे मारलेली शिकार बुडून हातची जात नसे.

आता या सगळ्यात युक्ती काय आहे ती पाहा. होडी काय, अंगरखा काय, फुगा काय, तिन्हींत एकच गोष्ट केली आहे. हवा आत बंद करून ठेवली आहे आणि पाण्याला बाहेर अडवले आहे. आजची कयाक प्लास्टिकची असते, जाकीट फोमचे असते, सामानाची पिशवी मेणकापडासारख्या कापडाची असते. पण तत्त्व तेच. शाळेच्या पुस्तकात ज्याला प्लावक बल म्हणतात, ते हेच.

आपल्याकडे ही युक्ती कुणाला माहीत नव्हती असे नाही. विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा किंवा पांगाऱ्याचा हलका ओंडका बांधायचा, ही रीत जुन्या माणसांना ठाऊक आहे. आता त्या जागी तेलाचा रिकामा डबा आला. कोल्हापूर-सांगलीकडे पूर आला म्हणजे गुळाची काहीलसुद्धा होडीच्या कामी येते. या सर्वांचा हिशेब अगदी सोपा आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. तेव्हा बूच घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा डबा पाण्यात दाबला, तर तो जवळजवळ पाच किलो वजन वर उचलून धरतो. माणसाचे शरीर पाण्यात मुळातच हलके असते. त्याचे नाकतोंड पाण्याबाहेर राहायला चार-पाच किलोची उचल साधारणपणे पुरते. साठ किलोचा माणूस पाच लिटरच्या डब्यावर तरतो तो यामुळे.

मात्र बूच सैल असेल तर? तर तो डबा दोन मिनिटांत भरतो आणि स्वतःच तळाला जातो. मंडळी, आजच्या सगळ्या भाषणाचे सार या बुचात आहे. पाण्यावर जी हवा आपल्याला तारते, ती आधी बांधून ठेवलेली असली पाहिजे. बुडू लागल्यावर बूच शोधायला वेळ मिळत नाही.

प्रथम जाकिटाविषयी.

भोपळा पाठीला बांधला की माणूस पालथा तरंगतो. पोहणाऱ्याला ते सोयीचे असते. पण जो शुद्धीवर नाही, त्याचे तोंड पाण्यात जाते. जाकिटांतही असाच फरक आहे. बाजारात पन्नास न्यूटनची, शंभर न्यूटनची आणि दीडशे न्यूटनची जाकिटे मिळतात. न्यूटन म्हणजे जोर मोजायचे माप; दहा न्यूटनला ढोबळमानाने एक किलोची उचल धरावी. पन्नासचे जाकीट म्हणजे पाच किलोची उचल. ते ज्याला पोहता येते आणि ज्याच्याजवळ मदत आहे त्याच्यासाठी. ते बेशुद्ध माणसाला उताणे करीलच असा भरवसा नाही. शंभरचे आणि त्यावरचे जाकीट माणसाला उताणे करून तोंड वर ठेवावे अशा बेताने बनवलेले असते. त्याला मानेमागे जाड गळपट्टी असते. कयाक वल्हवणारे लोक हात मोकळे राहावेत म्हणून बहुधा पन्नासच्या जवळपासचे जाकीट वापरतात. पण ज्याला पोहता येत नाही अशा मुलाला ते घालून खोल पाण्यावर सोडणे बरोबर नाही. जाकिटाच्या आतल्या बाजूला हा आकडा आणि किती वजनाच्या माणसासाठी ते आहे, हे छापलेले असते. छापलेले नसेल, तर ते जाकीट नव्हे, नुसते रंगीत कापड समजावे.

जाकीट अंगावर नीट बसले की नाही ते कसे ओळखायचे? सर्व पट्टे आणि बकले लावावीत. मग दुसऱ्या माणसाने खांद्याजवळ दोन्ही बाजूंना धरून ते जोराने वर ओढावे. ते हनुवटीपर्यंत किंवा कानापर्यंत वर आले, तर सैल आहे. पाण्यात पडल्यावर जाकीट वर निघून जाईल आणि मूल खाली राहील. लहान मुलांच्या जाकिटाला दोन्ही पायांमधून घ्यायचा एक पट्टा असतो. मुले तो लावायचा कंटाळा करतात, पण तोच पट्टा जाकीट वर सरकू देत नाही. मोठ्या माणसाचे जाकीट "घट्ट बांधतो, चालेल" म्हणून लहानाला घालू नये.

जाकिटावर बसू नये. बसण्याने फोम दबतो आणि त्यातली हवा कायमची कमी होते. उन्हात टाकून ठेवू नये. उन्हाने कापड आणि शिवण कुजते. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. आणि वर्षातून एकदा कमी खोल पाण्यात उतरून ते आपल्याला उचलते की नाही, हे पाहून घ्यावे. बैलाचा जू-जोता आपण हंगामापूर्वी तपासतो, तसेच हे.

आता एक दुःखाची गोष्ट सांगणे भाग आहे. १८ जानेवारी २०२४ रोजी गुजरातमध्ये वडोदरा शहरातल्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. त्यात बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सर्वांच्या अंगावर जाकिटे नव्हती. तो काही समुद्र नव्हता, नदीचा पूरही नव्हता. शहरातला तलाव होता, दुपार होती, काठ जवळ होता. काठ दिसत असला म्हणजे पाणी सोपे, ही समजूत किती खोटी आहे, ते यावरून ध्यानात यावे. जाकिटे होडीत असून भागत नाही. ती अंगावर आणि बांधलेली असली पाहिजेत, आणि तीही काठावरच, होडीत पाय टाकण्यापूर्वी.

आता होडीकडे वळू.

हौशी लोकांसाठीची कयाक दोन तऱ्हेची असते. एकीत माणूस होडीच्या वर बसतो. ही होडी म्हणजे सगळीकडून बंद असलेला प्लास्टिकचा पोकळ डबाच. बसायच्या जागी आरपार भोके असतात. नवखा माणूस भोके पाहून घाबरतो, "अहो, ही तर फुटकी आहे!" पण ती भोके वर आलेले पाणी खाली निघून जावे म्हणून असतात, आतली हवा वेगळी बंद असते. ही होडी उलटली तरी बुडत नाही. नवशिक्यांना आणि मुलांना हीच योग्य. दुसरीत माणूस पाय आत घालून बसतो. तिच्या पुढच्या आणि मागच्या भागात आडव्या भिंती घालून हवेचे बंद कप्पे केलेले असतात. कप्पे नसतील, तर होडी उलटताच पाण्याने भरते. समजा, दोनशे लिटर पाणी शिरले, तर ते दोनशे किलोचे ओझे झाले. ते खोल पाण्यात उपसणे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. म्हणून होडीत बसण्यापूर्वी कप्प्यांची झाकणे दाबून पाहावीत आणि पाणी काढायचे बूच घट्ट फिरवलेले आहे ना, याची खात्री करून घ्यावी. पुन्हा ते बूच आलेच!

आत बसायच्या होडीला कमरेभोवती घागऱ्यासारखा एक पडदा मिळतो. तो भोकाच्या कडेला ताणून बसवतात, इनुइट शिकाऱ्याच्या अंगरख्यासारखा. त्याच्या पुढे एक दोरीचा फास असतो. होडी उलटली की तो ओढायचा, म्हणजे पडदा सुटतो आणि माणूस मोकळा होतो. हा फास नेहमी बाहेर, हाताला लागेल असा ठेवावा. ज्याने उलटून बाहेर निघण्याचा सराव केलेला नाही, त्याने हा पडदा लावूच नये.

होडी उलटली, तर काय करावे? पहिली गोष्ट, होडी सोडू नये. चांगला पोहणारासुद्धा "काठ इथेच आहे" म्हणून पोहत सुटतो आणि मध्येच दमतो. होडी तरंगते, ती लांबून दिसते, आणि मदतीला येणाऱ्याला आधी होडी दिसते, मग डोके दिसते. वल्हे हाती धरावे, होडी सुलटी करावी. मग तिच्या मध्यभागी बाजूने यावे, दोन्ही हात पलीकडे टाकावेत, पायांनी जोराने पाणी मारावे आणि पोटावर आडवे पडून मग वळून बसावे. टोकाकडून चढू नये. हा सराव काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात आधी करून घ्यावा.

आता पाण्याविषयी. पाण्याला ओळखणे हे साऱ्या सामानापेक्षा मोठे.

वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. पात्रात पडलेले झाड किंवा झुडपे दिसली, तर त्यांपासून दूर राहावे. पाणी फांद्यांतून निघून जाते, माणूस मात्र अडकतो आणि पाणी त्याला दाबून धरते. कुंडलिकेसारख्या नदीत तर पाणी वेळेवर सोडले जाते. भिरा येथील जलविद्युत केंद्रातून बाहेर पडणारे पाणी नदीत येते, म्हणून पावसाळा नसतानाही तिथे जोराचा प्रवाह मिळतो. अशा नदीत आता गुडघाभर दिसणारे पाणी थोड्या वेळाने गुडघाभर राहीलच असे नाही. धरणाखालच्या कोणत्याही नदीत उतरण्यापूर्वी पाणी केव्हा सुटते हे विचारावे, आणि भोंगा वाजला की सामान गोळा करीत बसू नये, आधी काठ गाठावा.

बंधाऱ्याविषयी विशेष सांगतो. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आपल्या गावोगावी आहेत. पाणी वरून वाहू लागले की बंधारा दिसायला मोठा शांत दिसतो, जणू पायरीवरून पाणी उतरते आहे. पण पडलेले पाणी खाली जाऊन उलटे फिरते आणि वरचा भाग पुन्हा बंधाऱ्याकडे ओढला जातो. त्या भोवऱ्यात सापडलेली वस्तू गरगर फिरत राहते. तिथे पाणी फेसाळ असते, म्हणजे त्यात हवा मिसळलेली असते. त्यामुळे ते हलके होते आणि जाकिटाची उचलही कमी पडते. चांगले जाकीट घातलेला माणूससुद्धा तिथून सुटेलच असे नाही. म्हणून वाहत्या बंधाऱ्यावरून होडी नेऊ नये आणि त्याच्या पायथ्याशी पोहू नये. होडी उचलावी, काठाने चालावे आणि पुढे पाण्यात सोडावी.

जलाशयात धोका वाऱ्याचा. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी या मार्गावर प्रवाशांची बोट वादळी वाऱ्यात सापडून उलटली आणि सहा जणांना जलसमाधी मिळाली. वैशाख-ज्येष्ठात सकाळ निवांत असते आणि दुपारनंतर वळवाचे ढग चढतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तेव्हा या दिवसांत होडी सकाळी काढावी आणि उन्हे कलण्यापूर्वी काठाला लावावी. मेघगर्जना ऐकू आली की वल्हवणे बंद, थेट काठ. आणखी एक गोष्ट. वारा आपल्या पाठीवर घेऊन जाताना मजा वाटते, पण परतताना तोच तोंडावर येतो. म्हणून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावे, म्हणजे दमल्यावर वारा घरी आणतो.

खाडीत भरती-ओहोटी पाहिलीच पाहिजे. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा अधिक वेळ लागतो आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते. आपल्या किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. हा झाला अंदाज; नक्की वेळ छापील तक्त्यात पाहावी आणि तिथल्या कोळीदादांना विचारावी. ओहोटीत खाडीच्या मुखाकडे होडी नेऊ नये. तो ओढ समुद्राकडे नेतो.

आता सामान कोरडे ठेवण्याकडे येऊ. ही बाब किरकोळ वाटते, पण मदत बोलावायचा फोन, दम्याच्या मुलाचे औषध, घराची किल्ली आणि कोरडा सदरा यांचा विचार केला म्हणजे ती किरकोळ नाही हे कळते.

यासाठी तोंड गुंडाळायची जलरोधक पिशवी मिळते. पण ती नीट बंद कशी करायची, हे पुष्कळांना माहीत नसते. पिशवी पाऊण भरावी, गच्च भरू नये. तोंडाच्या दोन्ही कडा एकमेकींवर सपाट जुळवाव्यात. चुण्या राहिल्या तर तिथूनच पाणी शिरते. मग पट्टीची घट्ट घडी किमान तीनदा घालावी आणि शेवटी दोन्ही टोके वाकवून बकल एकमेकांत अडकवावे. आता पिशवी काखेत दाबून पाहावी. फुस्स आवाज आला, तर हवा बाहेर जाते आहे. म्हणजे पाणी आत येणार. पुन्हा गुंडाळावी. नीट बांधलेली पिशवी पाण्यावर तरंगते, आणि होडीच्या कप्प्यात ठेवली तर कप्प्यातली हवाही धरून ठेवते. म्हणजे सामान कोरडे राहते आणि होडीलाही आधार होतो.

तरी पण एक सांगतो. ही पिशवी पाऊस, तुषार आणि थोडा वेळ पाण्यात पडणे एवढे सोसते. ती बराच वेळ पाण्याखाली ठेवण्यासाठी नसते. म्हणून फोन, औषधे, कागद हे आधी छोट्या पिशवीत आणि मग मोठ्या पिशवीत, असे दुहेरी बांधावे. विकतची पिशवी नसेल, तर जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या घ्याव्यात. पहिलीचे तोंड पिळून, दुमडून रबराने बांधावे आणि ती दुसरीत उलटी घालून तसेच करावे. घट्ट फिरकीच्या झाकणाची बरणीही चालते.

"माझा फोन पाण्यात चालतो," असे काही जण सांगतात. पण त्या फोनची परीक्षा गोड्या, स्थिर पाण्यात, ठराविक खोलीवर आणि ठराविक वेळ झालेली असते. खारे पाणी वेगळे, आणि एकदा आपटलेला फोनही वेगळा. भिजलाच, तर तो बंद करावा, पुसावा, हवेशीर जागी ठेवावा आणि पूर्ण वाळेपर्यंत वीज लावू नये. तांदळाच्या डब्यात पुरू नये. तांदळाची पूड आत जाऊन आणखी बिघाड होतो.

कोणती वस्तू कुठे ठेवायची, यालाही नियम आहे. जी वस्तू जीव वाचवील ती अंगावर, बाकीची होडीत. शिट्टी जाकिटाला बांधलेली असावी. तीनदा वाजवली की संकट, असा संकेत पाळावा. फोनही शक्यतो जाकिटाच्या खिशात, पिशवीसकट. होडी आणि माणूस यांची ताटातूट झाली, तर होडीतला फोन काय कामाचा? जड सामान होडीच्या मध्याजवळ आणि तळाशी ठेवावे. पिशव्या आखूड दोरीने अडकवाव्यात. लांब लोंबती दोरी पायात गुंतते. चष्म्याला मागून नाडी लावावी. जाड सुती कपडे, जीनची विजार, नऊवारी लुगडे भिजल्यावर जड होते आणि पायात येते. हलके, लवकर वाळणारे कपडे घालावेत. आणि पाण्यावर जाण्यापूर्वी दारूचा थेंबही नको; बसणाऱ्याने नको आणि होडी चालवणाऱ्याने तर नकोच नको.

समजा, एवढे करूनही कोणी बुडताना दिसले. तेव्हा उडी मारू नका, मंडळी. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात. एकामागून एक उड्या घेतलेल्या एकाच घरातल्या माणसांच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. आधी हाक द्यावी. जवळ असेल, तर आडवे पडून काठी किंवा वल्हे पुढे करावे. लांब असेल, तर दोर, धोतर, पटका, साडी फेकावी. बूच लावलेला रिकामा डबा दोरीला बांधून फेकावा. होडी असेल, तर होडीने जावे.

बाहेर काढल्यावर त्याला खांद्यावर घेऊन गरगर फिरवू नये, उलटे टांगू नये, पोट दाबून पाणी काढत बसू नये. त्यात मोलाची मिनिटे जातात, आणि पोटातले पाणी फुप्फुसात जाते. सपाट जागी उताणे निजवावे. श्वास चालत नसेल, तर मान मागे करून, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्यावेत. मग छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी तीस वेळा जोराने दाबावे, पुन्हा दोन श्वास, पुन्हा तीस दाब. डॉक्टर येईपर्यंत थांबू नये. दुसऱ्या कोणी १०८ ला फोन करावा. शुद्धीवर आला, तरी त्याला दवाखान्यात न्यावेच. त्रास काही तासांनी उद्भवू शकतो.

शेवटी गुरुजींना आणि बाईंना दोन शब्द.

सहल ठरवताना होडीवाल्याला विचारायला संकोच करू नका. या होडीत किती माणसे बसतात, आणि तो आकडा कुठे लिहिलेला आहे? प्रत्येक मुलाला त्याच्या मापाचे जाकीट आहे काय? बरोबर सुटकेची दुसरी होडी आणि दोर आहे काय? आज वारा कसा आहे? पाणी केव्हा सुटणार आहे? आणि उत्तरे समाधानाची नसतील, तर "मुलांचा हिरमोड होईल", "पैसे भरले आहेत", असा विचार न करता काठावरच डबे सोडून जेवावे आणि परत यावे. मुले दोन दिवस रुसतील. रुसू द्या. जाकिटाची ओढून पाहण्याची परीक्षा एकेका मुलाची स्वतः घ्या. ती होडीवाल्यावर सोपवू नका. आणि मुले मोजा, चढण्यापूर्वी आणि उतरल्यावर.

शाळेत एक प्रयोग करून दाखवा. एक बादली पाणी घ्या. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीला बूच घट्ट, दुसरीला बूच नाही. दोन्हींना सारखाच दगड बांधून सोडा. दगड असा निवडा की बूच लावलेली बाटली त्याला पेलून धरील. बिनबुचाची हळूहळू भरेल आणि बुडेल. मग एका पिशवीत हातरुमाल ठेवून नीट गुंडाळा, दुसरीत नुसती गाठ मारा. दोन्ही पिशव्या पाण्याखाली धरून शंभर आकडे मोजा आणि मग रुमाल पिळून दाखवा. मुले हसतील. पण पुढे कधी होडीच्या काठावर उभी राहतील, तेव्हा जाकिटाचा पट्टा लावायला त्यांना सांगावे लागणार नाही. ती शेजारच्याचाही पट्टा ओढून पाहतील.

आपल्या गावात तर असेल, तर ग्रामसभेत एकच ठराव मांडा. जाकीट बांधल्याशिवाय होडी काठ सोडणार नाही. मग बसणारा सरपंच असो, पाहुणा असो की रोजचा शेतकरी. नावाड्याला नाही म्हणण्याचा अधिकार द्या आणि तो नाही म्हणाला, तर त्याच्याशी भांडू नका.